वाळू संपण्याआधी

2024 चा गुढीपाडवा. नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. विहीर पाण्याची राहिली नव्हती, तिच्यात शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, दुसऱ्याच्या मागे तिसरा. अशी पाच माणसे त्या एका खड्ड्यात दगावली. उतरलेल्यांपैकी एकच वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून वरच्यांना त्याला ओढून घेता आले.

त्या पाच जणांपाशी धैर्याची वानवा नव्हती. त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती ती साधी माहिती. शेण कुजते तिथे हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइड दाट झाला की नाकच बधिर होते. मग वास येत नाही आणि धोका टळला असे वाटते, पण दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. आधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही इथे घात करते. मिथेन असेल तर ज्योतीने भडका उडू शकतो आणि ज्योत तेवत राहिली तरी विषारी वायू नाही असे ठरत नाही. विहीर, गटाराचे चेंबर, शौचालयाची टाकी, स्लरीचा खड्डा यांत कोणी पडले तर मागोमाग उतरायचे नाही. वरून दोर टाकायचा, अग्निशमन दलाला बोलवायचे. पोटचा पोर खाली पडलेला असताना हे पाळणे किती अवघड आहे ते कोणालाही समजेल. म्हणून तर ते आधी, शांतपणे शिकवून ठेवायला हवे.

श्वासाच्या संकटात वेळ फार थोडा असतो. प्राणवायू बंद झाल्यावर मेंदूला इजा होऊ लागायला चार ते सहा मिनिटे पुरतात. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात धावते आहे आणि तिने अगणित जीव वाचवले आहेत. पण एवढ्या वेळात ती धारणीच्या पाड्यावर पोहोचणार नाही आणि पुण्यातल्या संध्याकाळच्या कोंडीतूनही वाट काढू शकणार नाही. तेवढ्या वेळात डॉक्टर म्हणजे शेजारी बसलेला माणूस. त्याला आपण काय शिकवले आहे?

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी. एखाद्याला जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. हा माणूस बहुधा सुखरूप असतो, कारण खोकता येते म्हणजे हवा जाते-येते आहे. त्याला खोकू द्यावे, पाण्याचा पेला पुढे करण्याची घाई करू नये. खरा धोका त्याच्या पलीकडच्या पानावर असू शकतो. तिथला माणूस आवाज न करता उठतो. हात गळ्याशी जातो, तोंड उघडते पण शब्द फुटत नाही, खोकलाही येत नाही. ओठ आणि नखे काळी-निळी पडू लागतात. पुष्कळदा असा माणूस चारचौघांत शोभा नको म्हणून हात धुण्याच्या जागेकडे निघून जातो आणि तिथे एकटाच कोसळतो. जो गप्प झाला त्याच्याकडे आधी धावायचे, ही ओळख घराघरांत रुजली पाहिजे.

त्याला एकच विचारायचे : ‘घास अडकलाय का?’ मान हलली आणि आवाज निघाला नाही, तर लगेच कामाला लागायचे. दुसऱ्या कोणाला 108 किंवा 112 फिरवायला सांगायचे. माणसाला पुढे वाकवायचे आणि पाठीच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच सणसणीत थापा मारायच्या. घास निघाला नाही तर मागे उभे राहून कमरेभोवती हात घालायचे, एक मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत व वर असे पाच हिसके द्यायचे. घास सुटेपर्यंत हीच आळीपाळी चालू ठेवायची. गर्भवती बाई असेल किंवा पोटाला मिठी पोहोचत नसेल, तर हिसके छातीच्या मध्यावर. माणूस बेशुद्ध झाला तर त्याला जमिनीवर उताणे निजवायचे आणि छाती दाबायला सुरुवात करायची. घास तोंडात दिसला तरच काढायचा. न दिसणाऱ्या घासासाठी बोट घातले तर तो आणखी खोल जातो.

आपल्याकडे मात्र अजून डोक्यावर टपली मारून ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात. कोणी केळे भरवतो, कोणी भाताचा गोळा गिळायला लावतो. श्वासनलिका बंद असताना वरून आणखी काही घालणे म्हणजे बुचावर बूच बसवणे आहे.

हे अज्ञान एकट्या आपल्या वाट्याचे नव्हते. अमेरिकेत हॉटेलात जेवताजेवता माणसे मरत आणि ते मृत्यू हृदयविकाराच्या खात्यावर जात. 1963 मध्ये फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने शवविच्छेदनात अडकलेले अन्न दाखवून दिले आणि या प्रकाराला ‘कॅफे कोरोनरी’ हे नाव पडले. 1974 मध्ये सिनसिनाटीचे शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी पोटाच्या हिसक्याची पद्धत मांडली. पाठीवर थापा मारण्याला त्यांचा कडाडून विरोध होता आणि तो वाद दशकानुदशके चालला. अखेर अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2025 च्या सूचनांत आधी पाच थापा, मग पाच हिसके हा क्रम सांगितला. हाइमलिक यांच्या पद्धतीचा खरा गौरव आधीच, 2016 मध्ये झाला होता. वयाच्या 96 व्या वर्षी, वृद्धांच्या निवासातल्या भोजनगृहात, शेजारी बसलेल्या 87 वर्षांच्या बाईंच्या घशातला घास त्यांनी स्वतःच्या हातांनी काढला. शहाण्णव वर्षांच्या हातांना जे जमले, त्यासाठी पहिलवानाची ताकद लागत नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट मात्र कधीही दाबायचे नाही. त्याला आपल्या हातावर पालथे घ्यायचे, डोके धडापेक्षा खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब. आणि मुळात लहानग्यांच्या हाती अख्खा शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी, चिंचोका देऊच नये. मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढल्या जाणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा नेहमी वरच्या क्रमांकावर असतो.

शेजारच्या माणसाला हे सगळे शिकवता येईल का, ही शंका काढणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या खेड्यांत बालकांच्या न्यूमोनियाशी झुंज दिली. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा अधिक चालला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. पण गावच्या दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधे साधन तयार झाले : मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. बाळाचे पोट वरखाली होताना पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी हात लाल मण्यावर आला, तर औषध सुरू. निरक्षर बायांनी हे निदान बहुतेक वेळा अचूक केले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सर्च’च्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी निघाले.

तो मणी आज किती आयांना ठाऊक आहे? बाळ धापा टाकते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. ‘पोट उडतंय’ असे आई बरोबर ओळखते. पुढे काय करायचे ते कोणी सांगितलेले नसते, म्हणून मेळघाटात अजूनही कोवळ्या पोटावर चटके दिले जातात. अशा बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे असते.

दम्याचेही तेच. जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. पंपाची सवय लागते, मुलीच्या लग्नात अडचण येते, या समजांची ही किंमत आहे. दमेकऱ्याला एक वाक्य सलग बोलता येईना तर त्याला आडवे करू नये. ताठ बसवावे, तातडीचा पंप द्यावा आणि उतार पडेना तर 108 ला फोन करावा. शिट्टीसारखा आवाज अचानक बंद झाला पण माणूस थकत चालला असेल, तर तो बरा झालेला नसतो. त्याच्या छातीत हवाच जात नसते.

डेन्मार्कने 2005 मध्ये शाळांत जीवरक्षणाचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि त्याच्या जोडीला इतर उपाय योजले. 2001 मध्ये हृदय थांबून कोसळलेल्या पाचांपैकी जेमतेम एकाला बघ्यांकडून मदत मिळे. 2010 पर्यंत हे प्रमाण 45 टक्क्यांच्या घरात गेले. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने दर 150 कामगारांमागे प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस अशी अट घातली. शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीला, मंगल कार्यालयाला, अंगणवाडीला अशी अट का नसावी? राज्य सरकारने ती घालावी. आठवी-नववीच्या वर्गात वर्षातून दोन तास, पुस्तकातून नव्हे तर प्रत्यक्ष हातांनी, हे शिकवावे.

त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत तासभर बोलवावे. उशीवर छाती दाबून पाहावी, बाहुलीला पालथे धरून पाहावे. आणि गावातल्या प्रत्येक स्लरीच्या खड्ड्यावर झाकण आहे की नाही, शेजारी जाड दोर टांगलेला आहे की नाही, हे त्याच दिवशी फिरून तपासावे.