पोट पुन्हा पुन्हा दुखते, तेव्हा बदगुमानी नको

स्वादुपिंडाला सूज आली की नातेवाईकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "पितो की काय?" आपल्या घरांत तो उघड विचारला जात नाही, कुजबुजला जातो. मग रुग्ण दुखणेच लपवतो. दारू हे या आजाराचे मोठे कारण आहे, हे खरे. पण पित्ताशयातले खडेही तसेच मोठे कारण आहे. रक्तातली वाढलेली चरबी, काही औषधे यांनीही सूज येते. आणि एक कारण क्वचित आढळते, म्हणून सुटून जाते : आतड्यातली गाठ.

स्वादुपिंडाला उर्दूत लबलबा म्हणतात. जठराला लागून लहान आतड्याचा जो पहिला भाग असतो, त्याला अरबी हकीम 'इस्ना अशरी' म्हणजे बारा बोटांचे म्हणत. 'ड्युओडेनम'चा अर्थही तोच. लबलब्याचा रस आणि यकृतातले पित्त बहुतेकांच्या पोटात इथेच एका छोट्या तोंडातून उतरतात. त्या तोंडाशी गाठ वाढली की रस मागे तुंबतो आणि ग्रंथीलाच इजा करतो. वरच्या पोटात असह्य कळ येते, पाठीपर्यंत जाते, उलट्या होतात. सलाईनवर काही दिवसांत बरे वाटते. गाठ मात्र जागेवरच असते. दुखणे परत येते आणि दोष दावतीच्या बिर्याणीला!

आतड्यातल्या हवेमुळे साध्या सोनोग्राफीत हा भाग नीट दिसत नाही. म्हणून दुसरा झटका आला आणि कारण सापडले नाही, तर पोटविकारतज्ज्ञांना विचारा : एमआरसीपी, दुर्बिणीची तपासणी किंवा एंडोसोनोग्राफी करावी का? साधी गाठ वेळेत सापडली तर अनेकदा दुर्बिणीतूनच काढता येते. राहू दिली तर तिचा कॅन्सर होऊ शकतो. कावीळ, काळी शौच, घटणारे वजन दिसले तर थांबूच नका.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत दाखल झाले, तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य सूज असल्याच्या बातम्या होत्या. ऑक्टोबरमध्ये कॅन्सर असल्याचे जाहीर झाले. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. त्यांचा आजार स्वादुपिंडाचा होता, आतड्याचा नव्हे. पण सूज हे कधी कधी दुसऱ्याच दुखण्याचे पहिले नाव असते, हे त्यातून कळते.

ज्यांच्याकडे कार्ड आहे, त्या कामगारांसाठी आमच्या बिबवेवाडीत ईएसआय रुग्णालय आहे. इतरांसाठी ससून आहे. जाताना आधीच्या प्रत्येक झटक्याचे कागद एकाच फाइलमध्ये न्या. रोजे डॉक्टरांना विचारूनच ठेवा. आजाऱ्याला सवलत आहे. आणि घरच्यांनो, रुग्णाची चौकशी करा, उलटतपासणी नको.