विकायचंय म्हणून रंगवायचं?

कोकणातलं बैठं घर विकायचं ठरलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. घर दाखवायचंय, तर चार लोकांत उठून दिसायला नको का? मग रंगारी येतो, भिंतींवरून हात फिरवतो, मान हलवतो आणि म्हणतो, "साहेब, आधी पुट्टी मारून घेऊ." इथून पुढे जे सुरू होतं त्याबद्दल मला आज जरा तावातावाने लिहायचं आहे.

आमच्या घरातही सध्या हीच चर्चा चालू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, ओटी-माजघर-पडवी असं सरळसोट एकमजली घर. तिथे आता कोणी राहत नाही. विकायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती विकण्यापूर्वी करायच्या खर्चाच्या यादीबद्दल. त्या यादीत सध्या या गोष्टी आहेत : आतून-बाहेरून पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट, माजघरात पीओपीचं सिलिंग, जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक. माझ्या मते यातली एकही गोष्ट करू नये. एकही!

का ते सांगतो.

आधी रंग घ्या. जांभा हा सच्छिद्र दगड. वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी त्याच्यातून वर चढतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे चढायला पाणी भरपूर. जुन्या लोकांनी भिंतींना चुन्याचा गिलावा केला आणि वर्षाला चुन्याचा हात मारला तो काही प्लॅस्टिक पेंट परवडत नव्हता म्हणून नाही (तेव्हा तो नव्हताच म्हणा). चुन्यातून ओल बाहेर निघून जाते. पावसाळ्यात भिंत भिजली तरी दिवाळीनंतर आपोआप सुकते. तिच्यावर प्लॅस्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की ओल आतच कोंडते. तिच्याबरोबर आलेले क्षार रंगामागे साठतात, पांढरी पूड होऊन फुगतात आणि एका पावसाळ्यात पोपडे हातात येतात. म्हणजे आपण रंग लावणार मार्चमध्ये, घर विकणार मेमध्ये आणि तो रंग गळून पडणार ऑगस्टमध्ये, दुसऱ्याच्या अंगावर. याला सुधारणा म्हणायचं?

पीओपीचं तर विचारूच नका. कौलारू घराचं छप्पर हा त्याचा सगळ्यात उघडा, सगळ्यात प्रामाणिक भाग. मान वर केली की कुठली रीप कुजली, कुठला वासा वाकला, कुठून उजेड येतोय हे लहान पोरालाही दिसतं. गळायला लागलं तर नेमकं कुठलं कौल फुटलं ते खालून दिसतं. त्याच्याखाली सिलिंग ठोकलं की पहिल्या पावसात डाग पडेल माजघराच्या मध्यावर आणि कौल फुटलेलं असेल तिथून चार हात लांब. वर उंदरांना नवी कोरी प्रशस्त जागा मिळेल ती वेगळीच. शिवाय घर बघायला येणारा सोबत सुतार घेऊन येतो हो! छप्पर झाकलेलं दिसलं की तो सुतार पहिलं वाक्य म्हणणार, "कायतरी लपवलानी हा."

पेव्हर ब्लॉकही तसेच. आज अंगणातलं पाणी मातीत मुरतं. ब्लॉक बसवताना खाली भर घालतात, अंगण वर येतं आणि तेवढं जोतं बुटकं होतं. उतार जरा चुकला की पाणी घराच्या दिशेने. पागोळ्यांचं पाणी मातीवर पडतं तेव्हा जिरतं, ब्लॉकवर पडलं की शिंतोडे थेट भिंतीवर. मग पुन्हा ओल आणि पुन्हा रंगारी.

एक शंका नेहमी काढली जाते, की एवढा खर्च केला तर तो करातून तरी सुटेल. नाही हो. विक्रीवरच्या नफ्यातून भांडवली स्वरूपाची सुधारणा वजा होते, म्हणजे नवी खोली बांधली, पक्कं बांधकाम वाढवलं असं काही. नेहमीची डागडुजी आणि रंगरंगोटी सहसा त्यात धरत नाहीत. घरातल्या सीएला विचारा, तोही हेच सांगेल.

आता जरा कायद्याचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे, मालमत्तेत किंवा आपल्या हक्कात असा एखादा महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तर तो सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं ही फसवणूक. मग माहीत असलेली ओल पुट्टीखाली आणि माहीत असलेली गळती पीओपीमागे घालणं म्हणजे काय? दोष 'साधारण काळजी घेऊनही न दिसणारा' करण्यासाठी आपण पैसे मोजतोय! मी वकील नाही, पण एवढं समजायला वकील व्हावं लागत नाही.

बरं, मग काहीच करू नये का? भरपूर करावं. आणि ते सगळं मिळून वरच्या यादीच्या एका बाबीपेक्षा स्वस्त पडेल.

पहिली शाकारणी. चैत्र-वैशाखात सगळी कौलं उतरवून, साफ करून, फुटकी बदलून, कुजलेल्या रिपा काढून पुन्हा बसवायची. आढ्यावरच्या कौलांचे सांधे भरून घ्यायचे. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली या कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे छप्पर असंच सुटं सुटं दुरुस्त करता येतं. एक फुटलं तर एक बदला. पडवीच्या मागे जुन्या कौलांचा ढीग पडलेला आहे, तोच वापरा. तो 'अडगळ' म्हणून फेकायला निघालेल्यांना माझा साष्टांग नमस्कार.

दुसरं, भिंतीपासून पाणी लांब नेणं. जोत्याला टेकून वर्षानुवर्षं साठलेली माती आणि पालापाचोळा उकरून काढायचा. पागोळ्या पडतात त्या रेषेत उथळ चर खणून त्याला उतार द्यायचा. परसातलं गटार मोकळं करायचं. भिंतीत मूळ धरलेला पिंपळ मुळासकट काढायचा. दोन गड्यांची दोन-तीन दिवसांची मजुरी. ओलीवरचं निम्मं औषध हेच आहे आणि ते कुठल्याही डब्यात मिळत नाही.

तिसरी वाळवी. मागच्या दाराच्या चौकटीवर मातीच्या रेघा दिसतात, त्यावर रंग मारून त्या दिसेनाशा होतील, वाळवी होणार नाही. भिंतीला लावून रचलेली लाकडं आधी हलवा. चौकट ठोकून बघा, पोकळ वाजली तर तेवढा तुकडा बदला. मग जमीन आणि भिंतीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरून घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा, घेणाऱ्याला दाखवायला.

चौथी वीज. ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायर, पोर्सेलीनचे फ्यूज आणि अर्थिंगच्या नावाने आनंद असतो. पूर्ण वायरिंग बदलणं खर्चिक आहे, मान्य. पण अर्थिंग नीट करून मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं परवडण्यासारखं आहे. ओल्या भिंतींच्या घरात करंट उतरला तर माणूस वाचवणारी गोष्ट ही. नवीन येणाऱ्यांच्या घरात पोरंबाळं असतील. त्यांना टाइल्स दिल्या नाहीत तरी चालतील.

पाचवं, पाणी. विहिरीतला गाळ काढा, पंप चालू करा, न्हाणीघरातले गळके नळ बदला, सेप्टिक टँक उपसून घ्या. घर बघायला आलेली बाई आधी नळ सोडून बघते, मग भिंतींकडे बघते. हे मी किती घरांत पाहिलंय!

आणि दिसण्याचं? दिसण्याला महत्त्व आहेच, तेवढा अरसिक मी नाही. माळा रिकामा करा. खिडक्यांवर आलेल्या फांद्या छाटा म्हणजे माजघरात उजेड येईल. दारं घासून तेलाचा हात द्या. भिंतींना थोडी नीळ घालून चुना मारा. घर स्वच्छ, उजळ आणि जसं आहे तसं दिसेल.

सगळ्यात मोठी दुरुस्ती मात्र कागदांची आहे आणि तिचा खर्च सगळ्यात कमी. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर इटालियन मार्बल बसवलं तरी घर विकता येणार नाही. वारस नोंद करून घ्या. आत्यांची नावं घाला. आजोबांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या कायद्यापासूनच मुलींना मुलांइतका वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार झाली. "त्या काही मागणार नाहीत" हे आपण परस्पर ठरवायचं कारण नाही, त्यांनाच विचारावं. घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर हेही आधी पाहा, कारण शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती सहजासहजी घेता येत नाही. गावठाणात असेल तर 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते, आपल्या गावची झाली का ते विचारा. भूमी अभिलेखकडून हद्द मोजून घ्या, शेजाऱ्यांबरोबर उभं राहून गडगा दाखवा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढा, घरपट्टी भरून टाका.

यावर एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही : "अरे, घेणारा जागेसाठी घेणार. घर पाडून बंगला बांधणार. कशाला शाकारणी नि काय!" ठीक. मग पेंट तरी कशाला? पाडणाऱ्याला पीओपीचं काय कौतुक? तो आला तर त्याला फक्त कागद आणि हद्द हवी. आणि राहणारा आला तर त्याला कोरडं घर हवं. या दोघांपैकी एकालाही आपली यादी उपयोगाची नाही. ती उपयोगाची आहे फक्त तिसऱ्याला, म्हणजे भोळ्याला, ज्याला फेब्रुवारीत घर दाखवून जुलैत रडवता येईल.

आणि तो भोळा माणूस कोण असेल? मुंबईचा कोणी धनाढ्य नाही. बहुधा आपल्यासारखाच एखादा, निवृत्तीचे पैसे घेऊन 'गावाकडे घर' घ्यायला निघालेला. घर विकलं तरी आपलं गाव सुटणार नाही. शिमग्याला पालखी त्याच ओटीवर येणार आणि आपण दर्शनाला तिथेच उभे राहणार, त्या माणसाच्या समोर. त्याने "बसा, चहा घ्या" म्हणावं की तोंड फिरवावं, हे आपल्या यादीवर ठरणार आहे.

म्हणून माझा प्रस्ताव सरळ आहे. रंगाऱ्याला नाही म्हणा. शाकारणी, चर, वाळवी, अर्थिंग, विहीर आणि कागद, एवढंच करा. जे दुरुस्त होणार नाही ते एका कागदावर लिहा : उत्तरेची भिंत पावसात ओल धरते, पडवीचा एक वासा जुना आहे, वायरिंग बदलायचं बाकी आहे. तो कागद घर दाखवताना हातात द्या. पाच-पंचवीस हजार कमी मिळतील कदाचित. कदाचित मिळणारही नाहीत, कारण दोष स्वतःहून सांगणाऱ्याच्या बाकी बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात आणि घासाघीस तिथेच थांबते.

आणि शक्य असेल तर घर पावसाळ्यात दाखवूया. आषाढात, धो-धो पाऊस चालू असताना. शाकारणी चांगली झाली असेल तर घाबरायचं काय? माजघरात कोरड्या जमिनीवर बसवून चहा द्यायचा. याहून चांगली जाहिरात कुठला रंगारी करणार?

बघा पटतंय का. नाही पटलं तर गणपतीत भेटणारच आहोत, तेव्हा भांडू.