कर्ज कूपनलिकेला की मातीला?

शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज शाखेत येतो, तेव्हा त्यासोबत सातबारा असतो, आठ-अचा उतारा असतो, थकबाकी नसल्याचा दाखला असतो. क्षेत्र किती, पीक कोणते, पाण्याची सोय काय, हे सारे आपण विचारतो. मात्र ज्या मातीच्या भरवशावर हे कर्ज फिटावयाचे, त्या मातीविषयी एकही प्रश्न आपल्या छापील नमुन्यात सहसा नसतो. ही उणीव कोठेही खटकावी अशीच आहे. पण कोरड्या मैदानांतील पोयट्याच्या जमिनींत ती विशेष महागात पडते.

उत्तर गुजरातचे उदाहरण घेऊ. मेहसाणा, पाटण, बनासकांठा हा सपाट मुलूख. यातील मेहसाण्याचा परिसर पूर्वी बडोदे संस्थानच्या कडी प्रांतात मोडत असे. त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. दख्खनच्या काळ्या कापूसजमिनीची सवय असलेल्या डोळ्यांना मात्र येथील फिकट, पिवळसर माती नवखी वाटते. तिला तेथे ‘गोराडू’ म्हणतात. नद्यांनी आणलेल्या गाळाची आणि काही अंशी वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक रेतीची ही वालुकामय पोयट्याची जमीन. ती खोल आहे, निचऱ्याची आहे, मशागतीला हलकी आहे. काळी जमीन पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गोराडूचा वाफसा मात्र पावसानंतर लवकर येतो. बाजरी, एरंडी, मोहरी, जिरे, इसबगोल आणि डीसा परिसरातील बटाटा ही सारी पिके या मातीला मानवतात. उंझ्याच्या बाजारपेठेचे वैभव याच मातीतून उगवले आहे.

परंतु गुणांच्या पाठीशीच तिचे दोषही उभे आहेत. सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे ‘कमी’ या वर्गातला. नत्राची वानवा नित्याची. जोराच्या सरीनंतर पृष्ठभागावर पपडी धरते आणि बाजरीसारखे नाजूक अंकुर खालीच अडकतात. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर वा ट्रॅक्टरची अवजारे चालली, की त्याखाली कठीण थर बसतो व मुळे तेथेच थबकतात. उन्हाळ्यात उघड्या रानातील वरची बारीक माती वारा उडवून नेतो.

पाण्याचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. अशी जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असा सुमारे १२० मिलिमीटर ओलावा साठविते असे धरू. पिकाची मुळे ६० सेंटिमीटर गेली, तर त्यांच्या वाट्याला ७२ मिलिमीटर येतो. त्यातील निम्मा संपताच पुढचे पाणी द्यावे लागते. म्हणजे एका पाळीत मातीला हवे असते ३६ मिलिमीटर. मोकाट पद्धतीने पाटाचे पाणी सोडले, तर सहज ७५ मिलिमीटर दिले जाते. उरलेले मुळांच्या खाली निघून जाते आणि जाताना विकत घेतलेल्या युरियातील नत्रही धुऊन नेते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर पाणी; तेव्हा एका पाळीत जवळजवळ चार लाख लिटर पाणी आपण नाहक उपसलेले असते.

आणि हे पाणी येते कोठून? मेहसाण्याच्या परिसरात अनेक शेतकऱ्यांनी भागीदारीत कूपनलिका खोदल्या, पाणी खाली गेले तसतशा त्या खोल नेल्या. काही ठिकाणी ही खोली ३०० मीटरच्याही पलीकडे गेली. खोलातील पाण्यात अनेक ठिकाणी क्षार आणि फ्लोराइड आढळले. सोडियमयुक्त पाणी सतत दिल्याने भुसभुशीत माती घट्ट होऊ लागते, पपडी अधिक जाड धरते, आणि मग पाणीही नीट मुरत नाही. म्हणजे कूपनलिका खोल नेण्यासाठी दिलेले कर्ज कालांतराने त्याच कर्जाचे तारण नासवीत असते. माझा आक्षेप आहे तो नेमका येथे.

शासनाने या दिशेने काही केले नाही असे नाही. ज्योतिग्राम योजनेखाली २००३ ते २००६ या काळात शेतीची वीज वेगळ्या वाहिनीवर नेऊन तिचे तास मर्यादित करण्यात आले. २००५ पासून गुजरात ग्रीन रिव्होल्यूशन कंपनीमार्फत ठिबक व तुषार सिंचनाचा प्रसार झाला. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे राष्ट्रीय मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला. तिच्यात मातीच्या बारा निकषांची नोंद असते. तथापि ठिबकने वाचलेले पाणी आणखी चार बिघे भिजविण्यात गेले, तर भूजलाची पातळी काही वर येत नाही. आणि पत्रिका कपाटात राहिली, तर मातीचा कर्बही वाढत नाही.

माती सुधारण्याचे उपाय अवघड नाहीत. या भागात घरोघरी म्हशी आहेत, दुग्धव्यवसाय भरभराटीचा आहे. शेण उकिरड्यावर उन्हात वाळण्याऐवजी खड्ड्यात नीट कुजविले पाहिजे. एरंडी येथेच पिकते, तिची पेंड हे नत्रयुक्त उत्तम खत आहे. ताग वा धैंचा गाडणे, गवार-मुगाचा फेरपालट, पिकाच्या अवशेषांचे आच्छादन, तीन-चार वर्षांतून एकदा कठीण थर फोडणे, पाणी सोडियमयुक्त असल्यास परीक्षणानुसार जिप्सम देणे, आणि वाऱ्याच्या बाजूने बांधावर झाडे लावणे, हे सारे शेतकऱ्याला ठाऊक आहे.

मग घोडे अडते कोठे? मुदतीत. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २,२५० टन भरते. त्यात कर्ब केवळ ०.१ टक्क्याने वाढवावयाचा, तर सव्वादोन टन कर्ब टिकून राहिला पाहिजे. आणि येथील उष्णतेत घातलेल्या खतातील बहुतांश कर्ब हवेत निघून जातो. हे काम एका हंगामाचे नाही, पाच-सात वर्षांचे आहे. पीककर्ज मात्र हंगामाचे. त्यातून कसणारा भागिया असेल, तर पुढच्या वर्षी हेच शेत आपल्याकडे राहील याचीही त्याला शाश्वती नसते. तो मातीत पैसा का घालील?

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८३ च्या कायद्याने विहिरींबरोबरच जमीनसुधारणेसाठीही दीर्घ मुदतीच्या तगाईची तरतूद होती. आजही मृदसंधारणाचे कर्ज अग्रक्रम क्षेत्रात धरले जाते, आणि किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत मुदत कर्जाचा अंतर्भाव आहे. तरतूद आहे, मागणी घेऊन येणारा आणि ती ओळखणारा, दोघेही कमी आहेत.

कोणी म्हणेल, कूपनलिका डोळ्यांना दिसते, तिची पावती असते. मातीतला कर्ब कसा मोजावा? तो मोजता येतो, म्हणूनच तर पत्रिका आहे. कर्ज देताना एक आणि तीन वर्षांनी दुसरी, अशा दोन पत्रिका धारिकेत असाव्यात. सुधारणा दिसल्यास व्याजात थोडी सवलत देण्याचा विचार व्हावा. जेथे पाणी दरवर्षी खाली जात आहे, तेथे खोली वाढविण्याच्या अर्जापूर्वी मातीचा व ठिबकचा विचार सक्तीने व्हावा. मालक व भागिया यांनी लेखी पाच वर्षांचा करार केल्यास दोघांना मिळून कर्ज देण्याची वाट शोधावी.

ज्याची कूपनलिका आटली आहे, त्याला हा सल्ला कडू वाटेल, हे मी जाणतो. उभे पीक वाळत असताना कर्बाची गोष्ट कोण ऐकेल? म्हणूनच ती गोष्ट पाणी असतानाच सांगावी लागते. अर्जाच्या नमुन्यात मातीविषयी एक ओळ वाढविण्यास खर्च फारसा येत नाही. ग्राहकांनीही आपली पत्रिका शोधून काढावी आणि पुढच्या वेळी शाखेत येताना ती सोबत आणावी. कर्जाची बोलणी तिच्यापासून सुरू झाली, तर कर्ज आणि जमीन दोन्ही सुरक्षित राहतील.