वेल सरळ चढत नसतो

आपल्याकडे शिक्षण फार लवकर ‘वाया’ जातं. मुलीने पदवी घेऊन घर सांभाळलं, की शिक्षण वाया. शिकली एक आणि नोकरी दुसरीच धरली, तरी वाया. आणि तीन-चार ठिकाणी बदल करत ती भलत्याच कामात रमली, तर शिक्षणच काय, मुलगीच वाया! चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांकडे जरा बारकाईने बघायची खोड लागली आहे. मुलगा ‘वाया गेला’ असं म्हणतात तेव्हा बहुधा त्याला व्यसन लागलेलं असतं. मुलीने मात्र नुसतं वळण घेतलं तरी तो शब्द पुरतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची नात. पुण्यात केमिकल इंजिनिअरिंग केलं, मग चार वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली, मग अमेरिकेत जाऊन अन्नविज्ञान शिकली, दोन वर्षं सॉस बनवणाऱ्या कारखान्यात होती, आणि आता वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात हॉप्सच्या प्रयोगशाळेत लागली आहे. पुढे स्वतः बिअर बनवायला शिकायचा विचार आहे म्हणे. झालं! नातेवाइकांत चर्चेला उधाण आलं. कोणी म्हणालं, "शेवटी दारूचाच धंदा ना?" कोणी म्हणालं, "अजून किती वेळा बदलणार ही?" हे दोन आक्षेप अगदी वेगळे आहेत, आणि आपण ते एकात एक कालवतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. मंडळी, चहा घेऊनच बसा.

आधी हॉप्स म्हणजे काय ते सांगते. हा एक वेल. भांगेच्या कुळातला, पण भांगेची नशा यात नाही. जमिनीखालचे कंद वर्षानुवर्षं टिकतात, वरचा वेल मात्र दर वर्षी नव्याने फुटतो आणि सुगीला कापला जातो. तासगावकडचे द्राक्षाचे मांडव ज्यांनी पाहिलेत त्यांना कल्पना येईल, फक्त इथे खांब सुमारे अठरा फूट उंच. वरच्या तारेपासून जमिनीपर्यंत दोरी सोडतात आणि वसंतात प्रत्येक दोरीला दोन-तीन कोंब हाताने गुंडाळून देतात. द्राक्षवेलीसारखे ताणे याला नसतात. खोडावर आकड्यांसारखे बारीक केस असतात, त्यांनी तो दोरी धरतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे घेत वर जातो. नर आणि मादी वेल वेगळे. शेतात लावतात ते फक्त मादी वेल, कारण नर जवळ असला की फुलात बी धरतं आणि मालाची प्रत उतरते. या शंकूसारख्या फुलांत पिवळी, चिकट पूड असते. बिअर मुळात बनते ती मोड आणून वाळवलेल्या सातूपासून. त्या गोडसर काढ्यात हॉप्स उकळले की कडवटपणा येतो, वास येतो, आणि बिअर टिकतेही. आणखी एक गोष्ट म्हणजे लागवडीनंतर भरपूर पीक यायला तिसरं वर्ष उजाडावं लागतं. पहिल्या वर्षीच वेल उपटून टाकणारा शेतकरी शहाणा म्हणायचा का?

आता वळणाच्या वाटेबद्दल. आमच्या पोरीने एकटीने काही नवीन केलेलं नाही. टेरी फारेनडॉर्फ नावाची बाई सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होती. घरी छंद म्हणून बिअर बनवायची. नोकरी सोडून तिने १९८८ मध्ये शिकागोच्या सीबेल इन्स्टिट्यूटमध्ये बिअर बनवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. पुढे ओरेगनमधल्या यूजीन गावी स्टीलहेड या ब्रुअरीत सुमारे सतरा वर्षं मुख्य ब्रुअर म्हणून काढली. इथे कोणीही म्हणेल, चला, आता स्थिरावली. तर २००७ मध्ये तीही नोकरी सोडून बाई गाडी घेऊन देशभर निघाल्या, ब्रुअऱ्या बघत, तिथल्या लोकांबरोबर काम करत. वाटेत त्यांना तरुण मुली भेटत गेल्या. आपल्यासारख्या आणखी बायका या धंद्यात आहेत का, हे त्या मुलींना ठाऊकच नव्हतं! मग टेरीबाईंनी नावांची यादी करायला घेतली. त्या यादीतून ‘पिंक बूट्स सोसायटी’ उभी राहिली. नाव पडलं ते सासूबाईंनी दिलेल्या गुलाबी रबरी बुटांवरून. (सुनेच्या असल्या कामाला असला आहेर करणारी सासू! माझा त्या माउलीला नमस्कार.) आज ही संस्था या क्षेत्रातल्या बायकांना शिष्यवृत्त्या देते. टेरीबाई स्वतः नंतर माल्ट, म्हणजे ते मोड आणलेलं धान्य, बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. आपल्या हिशेबाने ही बाई तीन-चार वेळा ‘वाया गेली’.

दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं, कारण त्या माझ्याच व्यवसायातल्या. कॅरल स्टाउट बालवाडीच्या शिक्षिका होत्या, पाच मुलांची आई. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅडम्सटाउन इथे त्यांनी ब्रुअरी काढली आणि ती तीसेक वर्षं चालवली. बालवाडीत तीस पोरं सांभाळणाऱ्या बाईला स्वच्छता, वेळापत्रक आणि सबुरी वेगळी शिकवावी लागत नाही. बिअरच्या कामात याच तीन गोष्टी लागतात असं ऐकते.

आता इतिहासातली गंमत बघा. युरोपात बिअर बनवणं हे कित्येक शतकं घरातल्या बाईचंच काम होतं, भाकरी करण्यासारखं. इंग्रजीत तर असं काम करणाऱ्या बाईला ‘ब्रूस्टर’ असा स्वतंत्र शब्द होता. इंग्लंडमधली जुनी, हॉप्स न घातलेली एल थोड्याच दिवसांत आंबायची, म्हणून ती घरोघरी, थोडी थोडी बनायची आणि उरलेली दारात विकली जायची. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिथे हॉप्सची बिअर पसरली. ती टिकाऊ होती, लांबवर पाठवता येत होती. मग मोठी भांडी आली, भांडवल आलं, व्यापाऱ्यांचे संघ आले, आणि बायका हळूहळू बाजूला पडल्या. जूडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी १९९६ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. म्हणजे ज्या हॉप्समुळे धंदा मोठा झाला आणि बायकांच्या हातून निसटला, तेच हॉप्स प्रयोगशाळेत हुंगत आमची पोर उभी आहे. यात मला तरी काही गैर दिसत नाही.

दारूचा मुद्दा मी टाळणार नाही. खेड्यातल्या शाळेत आयुष्य गेलं. वहीला पैसे नाहीत म्हणणाऱ्या मुलाच्या घरातले पैसे कुठे जातात, हे बाईंना न सांगताही कळतं. आपल्या राज्यात गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडता येतं, ‘उभी बाटली की आडवी बाटली’ म्हणून. माझं मत कायम आडव्या बाटलीलाच पडेल. थोडी दारूही पूर्ण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, आणि बिअर काही त्यातून सुटत नाही. हे सगळं मी त्या मुलीला फोनवर सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं.

पण मंडळी, एक विचारू? आपल्याच घरातला एक जण वाळूजला बिअरच्या कारखान्यात बावीस वर्षं हिशेब सांभाळतो आहे. त्याचं लग्न जमवताना पत्रिकेबरोबर ‘नामांकित कंपनीत कायम नोकरी’ असं लिहून दिलं होतं. तेव्हा कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. तो करतो ती ‘कंपनी’ आणि ती करते तो ‘दारूचा धंदा’! आक्षेप दारूला असेल तर तो दोघांनाही घ्या, मी तुमच्या बाजूने बोलेन. फक्त तिलाच घ्यायचा असेल, तर तो दारूला नाहीच. तो तिने वाट स्वतः निवडली याला आहे.

उरला पोटापाण्याचा प्रश्न. ही काळजी मात्र खरी आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या, त्या आता नऊ हजारांच्या वर गेल्या आहेत. पण चढाला उतार असतोच. २०२१ नंतर तिथली हॉप्सची लागवड घटली आहे, आणि कॅरलबाईंनी २०२० मध्ये आपली ब्रुअरी थांबवली. उद्या या मुलीला पुन्हा काम बदलावं लागेलही. पण आमच्या पिढीत ‘कायम’ म्हणून लागलेल्या गिरणीतल्या लोकांचं १९८२ च्या संपानंतर काय झालं, ते विसरलात का? सरळ वाटही संपते. तेव्हा वळायची सवय असलेला माणूस तरतो.

भरकटणं आणि चढणं यात फरक नक्की आहे. नुसतं आज हे, उद्या ते, असं करणाऱ्यांना मीही शाळेत छडी दाखवली आहे. पण तो फरक ‘किती वेळा बदललं’ यावरून कळत नाही, ‘आधीचं काय बरोबर नेलं’ यावरून कळतो. ही मुलगी कारखान्यातली भांडी आणि तापमान इंजिनिअरिंगमधून घेऊन आली, प्रयोगशाळेतल्या आकड्यांची जुळणी सॉफ्टवेअरमधून, आणि आंबवण्याचं शास्त्र तिसऱ्या शिक्षणातून. तिची दोरी तिच्या हातात आहे. ती आपल्याला खालून दिसत नाही, एवढंच.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी तिचा फोन आला, की "कधी स्थिरावणार?" असं विचारू नका. ऑगस्टच्या शेवटापासून तिकडे हॉप्सची तोडणी सुरू होते. "सुगी कशी झाली?" असं विचारा. ती तासभर बोलेल.