अंतर तेवढेच, वाट मात्र लांबली

हेलसिंकी आणि टोकियो या दोन राजधान्यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. पृथ्वीचा गोल बदलत नाही तोवर हा आकडाही बदलणार नाही. परंतु हे अंतर तोडण्यास लागणारा वेळ गेल्या चार दशकांत दोनदा बदलला, आणि त्याला कारण झाली ती राजकारणाची हवा.

१९८३ साली फिनएअर या फिनलंडच्या कंपनीने टोकियोपर्यंत विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा तिचे विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घेऊन जात असे. सैबेरियाचे आकाश तिला मोकळे नव्हते. प्रवासास सुमारे तेरा तास लागत. त्याच वर्षी १ सप्टेंबरला, वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. पुढे शीतयुद्ध निवळले, सैबेरियाची वाट खुली झाली आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियानेही तोच मार्ग पत्करला. फिनलंडचे विमान पुन्हा ध्रुवाच्या वाटेस लागले आणि प्रवास पुन्हा तेरा तासांचा झाला. चाळीस वर्षांची यंत्रविद्येची प्रगती दोन फर्मानांनी पुसून टाकली.

याचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे, हे त्याचे पहिलेच कलम. परक्या विमानास नुसते वरून जाऊ देण्याचा निराळा करारही त्याच वर्षी झाला. रशिया त्यात सामील नाही. परंतु केवळ सामील होण्याने प्रश्न सुटतो असेही नाही. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्या करारात आहेत. तरीही एप्रिल २०२५ मध्ये दोघांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि काहींना इंधनासाठी मध्येच उतरावे लागले.

आकाश बंद करणे नेहमीच अन्याय्य असते असे नव्हे. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे विमान पाडले गेले आणि २९८ जण मृत्युमुखी पडले. ते आकाश वेळीच पूर्णतः बंद झाले असते तर हे प्राण वाचले असते. म्हणून प्रवाशांच्या रक्षणासाठी केलेली बंदी आणि प्रतिपक्षाची कोंडी करण्यासाठी केलेली बंदी यांत भेद केला पाहिजे. पहिली कर्तव्य आहे; दुसरी शस्त्र आहे, आणि त्याचा घाव युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांपेक्षा तिकिटाचे पैसे मोजणाऱ्यांवर अधिक बसतो. जादा जळणाऱ्या इंधनाचा धूर तर साऱ्या जगाच्या वाट्यास येतो.

अशा दुसऱ्या प्रकारच्या बंदीस निदान मुदत असावी, तिची कारणे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे मांडण्याचे बंधन असावे, आणि मुदत वाढविताना ती पुन्हा तपासली जावी. सार्वभौम राष्ट्रे हे सुखासुखी मान्य करणार नाहीत, हे उघड आहे. परंतु समुद्रावरील निर्वेध वाहतुकीचा हक्कही त्यांनी एका दिवसात मान्य केला नव्हता. विज्ञानाने अंतर जिंकले, हा अभिमान तोपर्यंत जरा आवरता घेतलेला बरा.