मागचा ब्रेक

शुक्रवारची संध्याकाळ, साडेसातची वेळ. हिंजवडी फेज टूमधून वाकडच्या पुलाकडे जायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल! मी रूममेटच्या अ‍ॅक्टिव्हावर मागे बसलेली. अर्ध्या तासात जेमतेम शिवाजी चौक गाठला होता. तेवढ्यात ती हेल्मेटमधूनच म्हणाली, "आईचा रिपोर्ट आला. बीआरसीए वन पॉझिटिव्ह. आता मलाही टेस्ट करायला सांगितलीये. तू असतीस तर केली असतीस?"

मी गप्प. मास कॉमच्या दोन वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं.

तिच्या आईला दोन वर्षांपूर्वी ओव्हरीचा कॅन्सर झाला. त्याआधी मावशीला, बेचाळिसाव्या वर्षी, ब्रेस्टचा. घरात सगळे म्हणायचे, 'नशीब, दुसरं काय!' डॉक्टर म्हणाले, नशीब राहू दे, जीन बघूया.

मग काय, त्या वीकेंडला मॉल कॅन्सल आणि वाचन सुरू. 'ट्युमर सप्रेसर जीन' हे नाव जड आहे, काम मात्र अगदी सोपं. पेशी वाटेल तशा वाढू नयेत म्हणून लावलेला ब्रेक. आणि प्रत्येक पेशीत तो दोनदा असतो, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक म्हणा ना! एक गेला तरी गाडी थांबते. दोन्ही गेले की संपलं. आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरने 1971 मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून हे गणित मांडलं. काही मुलं जन्मतःच एक ब्रेक गेलेली असतात. त्यांच्या बाबतीत उरलेला एकच जायचा अवकाश.

बीआरसीए वन याच कुटुंबातला, पण ब्रेकपेक्षा गॅरेजवाला जास्त. डीएनए तुटला की तो जोडून देतो. मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये त्याचा पत्ता सतराव्या क्रोमोसोमवर शोधला, 1994 मध्ये तो प्रत्यक्ष सापडला. तो बिघडलेला असेल तर 100 पैकी 60 हून जास्त बायकांना आयुष्यात कधीतरी ब्रेस्ट कॅन्सर होतो. पण थांबा, लगेच घाबरू नका! ब्रेस्ट कॅन्सरच्या एकूण केसेसमध्ये असा घराण्यातून आलेला कॅन्सर पाच ते दहा टक्केच. बाकीच्यांचे ब्रेक वापरता वापरता झिजतात. पी-53 नावाचा जीन तर जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये बिघडलेला सापडतो.

आता खरी गंमत. एमआरएनए हा शब्द आपल्या हिंजवडीला नवा नाही. भारतातल्या पहिल्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये परवानगी मिळाली, ती इथल्याच जिनोव्हा कंपनीची. एमआरएनए म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप. आणि मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांची चिठ्ठी, जी त्या निरोपाला चिकटते आणि त्याला गप्प करते. अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकन यांनी 1993 मध्ये एक मिलिमीटरच्या अळीत ती शोधली. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2024 मध्ये त्यांना नोबेल मिळालं!

कॅन्सरशी संबंध काय? एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये तेराव्या क्रोमोसोमचा एक तुकडा वारंवार गायब दिसायचा. तिथे कुठला ब्रेक आहे, ते मात्र सापडत नव्हतं. 2002 मध्ये कळलं, तिथे दोन मायक्रोआरएनए होते. पुढे 2007 मध्ये दिसलं की पी-53 सुद्धा आपलं काम करताना मिर-34 नावाच्या मायक्रोआरएनएची मदत घेतो. मग बाहेरून मिर-34 दिलं तर? तेही करून पाहिलं. पेशंटना गंभीर त्रास झाल्यामुळे 2016 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. म्हणजे कळणं आणि औषध होणं, यांच्यामध्ये वाकडच्या पुलापेक्षा मोठा जाम आहे.

हे सगळं मी तिला रविवारी उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण घरी स्थळं बघतायत. पॉझिटिव्ह आली तर सांगायचं कसं?"

माझ्या नोट्समध्ये हे कुठेच नव्हतं.

शेवटी कौन्सेलरशी तासभर बोलून तिने रक्त दिलं. आईकडे हा जीन आहे म्हटल्यावर शक्यता फिफ्टी-फिफ्टी. नाणं उडवल्यासारखं. ते तीन आठवडे ती ऑफिसात रोज उशिरापर्यंत थांबली. घरी येऊन भांडी घासत बसायची, घासलेलीसुद्धा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

आई फोनवर रडल्या. "मी तुला हेच दिलं का गं?" ही म्हणाली, "नाकही तुझंच आहे, गणितही तुझंच. त्याचं कधी रडलीस का?" फोन ठेवल्यावर मात्र बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी तिने एक्सेल शीट उघडली. टेस्टिंगवाली ना शेवटी! दर वर्षी एमआरआय. पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, मुलं झाल्यावर, ओव्हरी काढण्याचा निर्णय. आणि स्थळाच्या रकान्यात एकच ओळ: 'दुसऱ्या भेटीत सांगणे.' मी विचारलं, पहिल्या का नाही? "पहिल्या भेटीत तो पगार तरी कुठे खरा सांगतो?"

राहिला भाऊ. 'मला काय त्याचं, मी मुलगा आहे,' असं तो महिनाभर म्हणत होता. पण त्याच्याकडेही हा जीन असण्याची शक्यता निम्मी, आणि असलाच तर त्याच्या मुलीकडे जाण्याची पुन्हा निम्मी. परवा आम्ही पुन्हा त्याच चौकात अडकलो होतो आणि तिचा फोन वाजला. मी मागून उचलला.

"ताईला सांग," तो म्हणाला, "शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये. ती येईल ना सोबत?"

मी निरोप दिला. तिने नुसती मान हलवली. सिग्नल सुटला होता.