बेगमी आणि मंडळ

विलायतेत राहून सकस आहार घ्यावयाचा तर तो परवडत नाही, ही तक्रार आपल्या मंडळाच्या कोणत्याही समारंभात चहाचा पहिला पेला रिकामा होण्यापूर्वीच ऐकू येते. आणि मार्च २०२३ मध्ये या देशातील अन्नपदार्थांची वार्षिक भाववाढ १९ टक्क्यांच्या वर गेल्यापासून तिला जो आधार मिळाला आहे, तो खोटा म्हणता येणार नाही. भाववाढीचा वेग पुढे मंदावला, पण एकदा चढलेले भाव पूर्वस्थळी आले नाहीत. आणि घरभाडे व विजेची देयके चुकती केल्यावर जी शिल्लक उरते, तिच्यातच सर्व कुटुंबाच्या पोटाची तरतूद करावी लागते. तथापि ही तक्रार करताना आपण दोनतीन निरनिराळे खर्च एकाच बाबीखाली मांडतो, आणि म्हणून त्यावरचा उपायही भलत्याच ठिकाणी शोधीत बसतो, असे माझे मत आहे.

शरीराच्या पोषणाचा खर्च वेगळा आणि गावाच्या आठवणीचा खर्च वेगळा. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर किंवा साउथॉलच्या ब्रॉडवेवर शनिवारी सकाळी उभे राहून आपल्या माणसांच्या पिशव्यांत काय पडते ते पाहावे: विमानाने आलेली तोंडली, गवार, शेवग्याच्या शेंगा, आणि हंगाम सुरू झाला की हापूसची पेटी. या जिनसांशी माझे वैर नाही. भरल्या तोंडल्यांवाचून माणसाने जन्म काढावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांची जी किंमत आपण मोजतो ती सकसपणाची नसून अंतराची असते, आणि म्हणून ती सणासुदीच्या खात्यात पडली पाहिजे, रोजच्या कोठीच्या खात्यात नव्हे. रोजच्या कोठीस या देशाच्या मातीत ऋतुमानाप्रमाणे जे मुबलक पिकते ते पुरेसे आहे. कोबीला चणाडाळीची संगत आपण पूर्वीपासून देत आलोच आहोत. लीक नावाची जी कांद्याच्या कुळातील जाड पात येथे हिवाळाभर मिळते, ती उभी चिरून नीट धुतली (तिच्या पदरांत माती दडलेली असते, तेथे घाई करू नये), मग बारीक कापून हिंग-मोहरीच्या फोडणीवर परतली, वर बेसन पेरले आणि झाकण ठेवून दोन वाफा आणल्या, तर कांद्याच्या पातीच्या झुणक्यावर वाढलेली जीभही कुरकुर करीत नाही. बीट मिळाल्यास पाल्यासकट घ्यावे, म्हणजे पाल्याची परतलेली भाजी फुकटात पडते. आणि कोकणी मंडळींनी गोठवलेल्या पापलेटासाठी पदरमोड करण्यापूर्वी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सार्डिन माशाकडे एकदा तरी कृपादृष्टीने पाहावे. तो आपल्या तारलीचा सख्खा नव्हे तरी चुलत भाऊ खास आहे.

याच्या उलट टोकाला आरोग्याच्या नावाने होणारी उधळपट्टी आहे, आणि तिला मी आठवणीच्या खर्चाइतकी सवलत देणार नाही. डब्यावर ‘प्रथिनयुक्त’ अशी अक्षरे दिसली की चांगली शिकलेली माणसे दुप्पट दाम मोजतात, आणि त्याच घरात मसूर-मुगाचे डबे फडताळाच्या तळाशी धूळ खात पडलेले असतात. वास्तविक शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, हे तिच्या पिशवीवरही छापलेले असते, फक्त लहान अक्षरांत. दिवसातून भाज्या व फळांचे निदान पाच वाटे खावेत, या येथील सरकारी उपदेशात कडधान्यांची एक वाटी जमेस धरलेली आहे. बटाटा मात्र त्या गणतीत नाही, हे वाचून आपल्या घरच्या निम्म्या भाज्या बाद होतात, ही गोष्ट निराळी.

लहान अक्षरे वाचण्याची सवय हीच या प्रकरणातील मुख्य विद्या होय. मोठ्या दुकानांना फळीवरील चिठ्ठीवर नगाच्या किमतीबरोबर किलोमागचा भाव देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो भाव पाहिल्यावाचून हात पुढे करू नये. शिजवलेल्या छोल्यांच्या चारशे ग्रॅमच्या डब्यातून पाणी काढून टाकल्यावर सुमारे दोनशे चाळीस ग्रॅम दाणा उरतो. उलट एक किलो कोरडे छोले भिजवून शिजवले की दोन किलोंहून अधिक भरतात, म्हणजे जवळजवळ नऊ डब्यांचा ऐवज एका पिशवीतून निघतो. करखात्याची तजवीजही जाणत्याच्या बाजूची आहे: कच्च्या शेंगदाण्यावर मूल्यवर्धित कर नाही; तेच दाणे सोलून, भाजून, खारवून पाकिटात भरले की त्यांवर २० टक्के कर चढतो. ज्याच्या घरी कढई आहे त्याने हा कर सरकारला का द्यावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

येथवरचा युक्तिवाद बहुतेकांना मान्य होईल, आणि नेमका येथेच थांबणारा उपदेशक मला अप्रामाणिक वाटतो. कारण मोड आणलेल्या मटकीची उसळ स्वस्त असते ती ती करणाऱ्या व्यक्तीचा वेळ रोजकीर्दीत कधीच लिहिला जात नाही म्हणून. आणि ती व्यक्ती बहुधा नोकरीवरून सहाला परतलेली गृहिणीच असते. प्रेशर कुकरने इंधन वाचते हे खरे, पण आदल्या रात्री कडधान्य भिजत घालण्याची आठवण कुकर ठेवीत नाही. ती घरातील पुरुषांनी ठेवण्यास शास्त्राची आडकाठी असल्याचे माझ्या वाचनात नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. वीस किलोंच्या तांदळाच्या पोत्याचा किलोमागचा भाव एक किलोच्या पुड्याहून बराच कमी पडतो, परंतु ते पोते विकत घेण्यास एकरकमी पैसा, वाहून आणण्यास मोटार आणि ठेवण्यास जागा लागते. परक्या सहा जणांबरोबर एका घरात राहणाऱ्या, शीतकपाटातील एकाच फळीवर हक्क असलेल्या आपल्या विद्यार्थ्याजवळ यांपैकी काहीच नसते. सबब तो कोपऱ्यावरच्या दुकानातून, चढ्या भावाने, थोडे थोडे घेतो, आणि पुष्कळदा शेवयांच्या पाकिटावर रात्र भागवतो. ज्याच्यापाशी कमी त्यालाच महाग, या न्यायास वैयक्तिक काटकसर हे उत्तर नव्हे.

उत्तर सामुदायिक खरेदीचे आहे, आणि ते नवीनही नाही. याच देशात रॉचडेल गावी १८४४ च्या डिसेंबरात विणकर आणि इतर कारागिरांनी थोडे थोडे पैसे जमवून पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ व मेणबत्त्या एवढ्याच मालावर आपले दुकान उघडले, आणि त्यातून सहकाराची चळवळ जगभर पसरली. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हेच तत्त्व चाळींत आणि सोसायट्यांत उतरवले: शेजारच्या कुटुंबांचा संघ करावयाचा, महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी नोंदवावयाची, आणि माल एका घरी उतरला की आपसांत वाटून घ्यावयाचा. येथे आलेल्या अनेकांच्या आयांनी ते वाटप केलेले आहे. मग मंडळाने ते का करू नये? मंडळाने वाण्याचे दुकान मांडू नये, असा आक्षेप येईल. पण दिवाळीच्या फराळाची घाऊक मागणी आपण दरवर्षी नोंदवतोच, आणि चकलीसाठी जी यंत्रणा चालते ती तुरीच्या डाळीसाठी कमी दर्जाची का ठरावी, हे आक्षेपकांनी सांगावे. मराठी शाळेच्या शनिवारी मोटारी येतात, सभागृह आधीच भाड्याने घेतलेले असते, आणि घाऊक बाजारात दोन दोन किलोंच्या बंद पिशव्यांचे गठ्ठे मिळत असल्याने तराजू धरण्याचे व माल पुन्हा भरण्याचे कामही उरत नाही.

सबब येत्या वार्षिक सभेपुढे माझी सूचना अशी की, तिघांची उपसमिती नेमून हिवाळ्यापूर्वी पहिली खरेदी करावी; ती तांदूळ, तूरडाळ, मूग, मटकी आणि कच्चे शेंगदाणे एवढ्याच जिनसांपुरती ठेवावी; नफा घेऊ नये, उधारीही ठेवू नये; आणि विद्यार्थी सभासदांच्या वाट्याची आगाऊ रक्कम मंडळाच्या शिलकेतून भरून ती त्यांच्याकडून माल नेताना वसूल करावी.